टकल्याच्या खिशातला कंगवा

मी कंगवा बोलतोय, आणि तोही एका टकल्याच्या खिशातून. रंगाने काळा, लांबीला वीतभरही नाही. अर्धे दात जाड, अर्धे बारीक, आणि जाडांपैकी एक तुटलेला. माझ्या मालकाच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. पाकीट काढताना मी कधी टेबलावर पडलो, तर त्याच्या ऑफिसातले लोक आधी मला बघतात, मग त्याच्या डोक्याकडे बघतात आणि गालातल्या गालात हसतात. हसू द्या बिचाऱ्यांना, त्यांना काय ठाऊक.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यातला. पुठ्ठ्यावर रबराने बांधून आम्ही भाऊ फुटपाथवर विकायला आलो. एका नव्या नवरीने मला उचललं, दात अंगठ्यावरून फिरवून पाहिले आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात खोचून दिलं. तेव्हा त्या नवऱ्याचे केस काय सांगू! दाट, काळेभोर, कपाळावर भलामोठा कोंबडा. आरशासमोर उभे राहिले की हलायचं नाव नाही. ती म्हणायची, "अहो, मी तयार होऊन बसले, तुमचा कोंबडा बसतोय का?" ते लाजायचे आणि पुन्हा एकदा मला फिरवायचे. मला ते दिवस फार आवडायचे.

मग ते एका शाळेत ड्रिलमास्तर झाले. कोंबडा गेला, केस बारीक झाले आणि आवाज मोठा झाला. माझंही काम बदललं. रोज सकाळी मैदानावर पोरांची रांग लागायची. मास्तर मागून येऊन मला मानेवर आडवा टेकवायचे आणि वर सरकवायचे. माझ्या दातांच्या बाहेर केस डोकावले, की पोरगं रांगेबाहेर. "मुलगा आहेस ना? मग मुलासारखा दिस," एवढं बोलून पुढच्या मानेकडे. पोरांनी मला 'फौजदार' असं नाव ठेवलं होतं. भांग पाडण्यासाठी जन्माला आलो आणि माणसं मोजायला लागलो.

पण घरी मी फौजदार नव्हतो. घरी त्यांचा एकुलता एक मुलगा होता. शाळेत जायच्या आधी मास्तर त्याला पुढ्यात उभा करायचे, डाव्या हाताने त्याची हनुवटी धरायचे आणि उजव्या हाताने मला फिरवून डावीकडून सरळ भांग काढायचे. "गड्या, हलू नकोस." पोरगं मुद्दाम हलायचं. मग पुन्हा हनुवटी, पुन्हा भांग. मास्तरांनी मुलाला कधी जवळ घेतलेलं मी पाहिलं नाही, मुका घेतलेला तर नाहीच. तेवढी हनुवटी मात्र ते रोज धरायचे, आणि भांग झाला तरी हात लगेच काढायचे नाहीत.

मुलगा मोठा झाला. नकाशे काढायचं शिक्षण घेऊ लागला आणि त्याने केस वाढवले. आधी कान झाकले गेले, मग मान, मग खांदे. न्हाणीघराच्या फळीवर बाटल्या आल्या. केसांची वेगळी, दाढीची वेगळी, तोंडाला लावायची आणखी वेगळी. मास्तरांचा जन्म एका साबणात गेला होता. तोच अंगाला, तोच दाढीला, तोच डोक्याला. ते एकेक बाटली उचलून बायकोला विचारायचे, "ही तुझी का गं?" कोणाची ते पक्कं ठाऊक असूनही विचारायचे. मुलगा आतून ऐकायचा. आरशासमोर तो बापासारखाच तासन्‌तास रमायचा, हे मला दिसत होतं. त्याच्या आईलाही दिसत असावं, कारण ती कधी कधी उगाचच हसायची.

मास्तरांनी त्याला 'गड्या' म्हणायचं बंद केलं.

ते निवृत्त झाले तेव्हा तिघांचा एक फोटो काढायचं ठरलं. सकाळी मास्तरांनी कटिंग करून यायला सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, मी आहे तसाच येईन. आला तो केस धुऊन, मोकळे सोडून, दाढी नीट कोरून, नवा शर्ट घालून. खरं सांगतो, देखणा दिसत होता. त्या फोटोसाठी एवढा नटणारा तिघांत तो एकटाच होता. बापाच्या फोटोत आपण छान दिसावं, असंच त्याच्या मनात असणार. पण ते विचारणार कोण?

स्टुडिओत फोटोग्राफर दिवे लावत होता. आईला खुर्चीत बसवलं, मुलाला मागे उभं केलं. मास्तरांनी एकदा मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "फोटोत बाई एकच पुरे."

फोटोग्राफर कसनुसा हसला. मुलगा हसला नाही. मास्तरांचा हात खिशात गेला, मला बाहेर काढलं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मी त्याच्या मानेवर टेकलो. जरा हिसकाच बसला. मी केसांत अडकलो, माझा एक दात कट्‌कन तुटला. तेवढ्यात मास्तरांनी टेबलावरची फोटो कापायची कात्री उचलली आणि माझ्यात अडकलेली बट कापली. सगळं एका क्षणात झालं. मला वाटतं, कात्रीचा आवाज ऐकून मास्तर स्वतःच दचकले. पण दचकलो हे दाखवणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मुलगा दाराकडे वळला. आई खुर्चीतूनच म्हणाली, "उभा राहा रे. माझ्यासाठी."

तो उभा राहिला. फोटो निघाला. मग तो तिथूनच गेला, घरी आला नाही. दुसऱ्या शहरात नोकरी धरली, तिथेच राहिला.

फोटो दिवाणखान्यात लागला. मधे आई, एका बाजूला ताठ मास्तर, मागे मुलगा, आणि त्याचे केस एका बाजूला आखूड. आईने तो काढून ठेवायला सांगितलं होतं. मास्तरांनी ऐकलं नाही, उलट आपली खुर्ची त्याच्या समोर सरकवली. दर रविवारी मला जुन्या ब्रशने घासून लख्ख करणारा तो माणूस, पण माझ्या तुटक्या दाताशी अडकलेले चार केस त्याने कधी काढले नाहीत.

आई अधूनमधून मुलाकडे जाऊन यायची. मास्तर तिला गाडीवर सोडायचे, आणायला जायचे. तो कसा आहे, जेवतो का, कधी येणार, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. ती चपला काढते न काढते तोच एवढंच विचारायचे, "केस कुठवर आले?" ती सांगायची, "खांद्याच्या खाली गेलेत." मग ते हं म्हणायचे आणि फोटोकडे बघत बसायचे.

तिकडे मुलालाही ती म्हणायची, अरे, ते तुझी चौकशी करतात. एकदा तो म्हणाला, "माझी करतात की केसांची?" घरी येऊन हे तिने मास्तरांना सांगितलं नाही, भाजी चिरताना स्वतःशीच पुटपुटली, म्हणून मला कळलं. दोन्ही एकच आहे हे सांगायला तिथे मी तरी कुठे होतो?

पुढे मुलाचे केस गळायला लागले. मास्तरांचेही तोवर गेले होते, घराण्याचीच ती देणगी. आई त्याच्याकडून परतली तेव्हा तिने कपाळ मागे गेलेला मुलगा पाहिलेला होता. मास्तरांनी नेहमीसारखं विचारलं, "कुठवर आले?" ती चपला नीट लावत म्हणाली, "पाठीवर रुळतात आता." का म्हणाली? 'बघ, गेलेच ना शेवटी' हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची तिला भीती वाटली असेल. मग दर खेपेला तिला ते केस वाढवावे लागले. तिकडे डोकं साफ होत गेलं आणि इकडे मास्तरांच्या मनात केस कमरेपर्यंत पोचले.

दरम्यान जग बदललं होतं. रस्त्याने अंबाडा बांधलेले, कानात भिकबाळी घातलेले बाप्ये बिनधास्त फिरू लागले. मास्तरांना काचबिंदू झाला, नजर गेली, दाढी करताना गालावर जखमा व्हायला लागल्या. तेव्हा त्यांचा एक जुना विद्यार्थी, ज्याला मी रांगेबाहेर काढून काढून थकलो होतो तो पहिलवान, त्यांना हाताला धरून पुरुषांच्या पार्लरमध्ये घेऊन गेला. पहिलवान आता तालीम चालवतो आणि महिन्यातून एकदा भुवया कोरून घेतो. लाज नावालाही नाही. तिथे एका ओळीत बसलेल्या बाप्यांच्या तोंडांना लेप लावलेले होते, हे त्यानेच मास्तरांना हसत हसत सांगितलं.

दाढी झाल्यावर तिथल्या माणसाने मास्तरांच्या चेहऱ्यावर गरम टॉवेल ठेवला आणि कपाळ, गाल, हनुवटी हळूहळू दाबली. मी छातीवरच्या खिशात होतो. ती छाती हुंदक्यांनी हलायला लागली. टॉवेलखाली म्हातारा रडत होता. पहिलवान घाबरून जवळ आला. मास्तर म्हणाले, "आमच्या वेळी बाप्याच्या तोंडाला हात लागायचा तो थपडेचाच रे."

घरी जाताना त्यांनी विचारलं, कमरेपर्यंतच्या केसांना तेल लावायला किती वेळ लागत असेल, आणि ते एकट्याला जमतं का.

त्या आठवड्यात त्यांनी बायकोकडून फोन लावून घेतला आणि तिला बाहेर पाठवलं. पलीकडे मुलाचा "हॅलो" ऐकू आला. मास्तरांनी घसा खाकरला. मुलगा म्हणाला, "बाबा?" आणि हा शूर माणूस म्हणाला, "चुकून लागला," आणि फोन ठेवून दिला. मला त्या दिवशी त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! दात असून चावता येत नाही, हेच आमचं दुःख.

मुलगाही बापाचाच. मागून फोन करावा की नाही? त्याने आईजवळ नंतर कबूल केलं, की पूर्वी रागामुळे येत नव्हता, पण आता लाजेमुळे येत नाही. ज्या केसांसाठी घर सोडलं तेच राहिले नाहीत, आता कुठल्या तोंडाने जाऊ?

शेवटी मास्तरांनी अंथरूण धरलं. आईने त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "आता ये." तो आला. पलंगाशी गुडघ्यावर बसला. मी उशीखाली होतो.

मास्तरांनी हात पुढे केला. आधी त्यांना दाढी लागली, मग कान, मग वर. हात थांबला. पुन्हा मागून पुढे फिरवला. मग त्यांनी उशीखालून मला काढलं, डाव्या हाताने मुलाची हनुवटी धरली आणि डावीकडून मला ओढलं. मी नुसत्या कातडीवरून सरकत गेलो. कुठे अडकायला काही नव्हतंच.

"कापलेस?" ते म्हणाले. "एवढे वाढवलेले, माझ्यासाठी कापलेस, गड्या?"

मुलाने वर आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. तेव्हा त्याला सगळं समजलं असावं, कारण त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"माझ्यासाठी नको होतं कापायला. वाढव परत. मी काही म्हणणार नाही."

"वाढवतो, बाबा," तो म्हणाला.

"हलू नकोस." आणि मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून भांग काढायला घेतला. माझे दात त्या टकलावरून परत परत गेले. मुलाच्या डोळ्यांतलं पाणी बापाच्या बोटांवरून ओघळत होतं आणि तो मान जराही हलवत नव्हता. मी कधी कुणाच्या डोक्यावर इतका जपून फिरलो नाही.

दोन दिवसांनी मास्तर गेले. माझ्या तुटक्या दाताशी अडकलेले केस आईने काढायला घेतले, तर मुलाने तिला थांबवलं आणि मला खिशात घातलं.

तेव्हापासून मी इथे आहे. म्हातारा झालोय, एखाद्या दिवशी मधोमध मोडेन. तोवर एकच मागणं आहे. आपल्या माणसाच्या केसांची चौकशी खुशाल करा, पण त्याच दमात तो कसा आहे हेही विचारा. त्याला जमेल तेव्हा हात लावा. कंगवा हे काम करू शकत नाही, मी करून पाहिलंय.

ऑफिसातल्या लोकांना वाटतं मी त्याच्या खिशात विसरून राहिलोय. पण रोज सकाळी बाहेर पडण्याआधी तो आरशासमोर उभा राहतो. मला काढतो, डावीकडून एकदा सावकाश फिरवतो, आणि दुसऱ्या हाताने स्वतःची हनुवटी स्वतःच धरतो.