पातेल्यातला काढा

गुरुवारी सकाळी सात वाजता शशिकांत दामले यांनी बायकोने दिलेला काढा औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतला आणि बूच घट्ट लावलं. मृदुला ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने ते पाहिलं की नाही, हे त्यांना कळलं नाही.

शशिकांत अडुसष्ट वर्षांचे. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरात त्यांनी अनेक वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर ते रोमानोस तिसरा या बायझंटाईन सम्राटावर पुस्तक लिहीत होते. या उतारवयातल्या सरदाराला आधीच्या सम्राटाने मरताना बजावलं होतं: बायकोला सोड आणि माझ्या मुलीशी, झोईशी लग्न कर, नाहीतर डोळे काढीन. १०२८ साली तो गादीवर आला. अलेप्पोच्या मोहिमेत त्याने सपाटून मार खाल्ला, चर्च बांधण्यात खजिना ओतला, झोईच्या खर्चाला मात्र कात्री लावली. झोईचं मन मायकेल नावाच्या तरुण दरबाऱ्यावर बसलं. पुढे सम्राटाचा चेहरा सुजला, केस गळले, दम लागू लागला. १०३४ च्या एप्रिलमध्ये त्याला स्नानगृहाच्या हौदातून मरणासन्न बाहेर काढलं. झोईने लगोलग मायकेलशी लग्न केलं. विष की आजार, हे अजून ठरलेलं नाही.

हे प्रकरण लिहीत असतानाच शशिकांतांचा चेहरा सुजू लागला. बुधवारी डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. रक्तात शिसं प्रमाणाबाहेर होतं, मूत्रपिंडं बिघडू लागली होती. घरी एखादी पावडर, भस्म घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या सुशांतने पुण्याहून एका आयुर्वेदिक पावडरीचा डबा आणला होता. मृदुला ती रोज काढ्यात उकळायची. शशिकांत घरी आले आणि त्या दिवशी काही बोलले नाहीत.

गुरुवारी मृदुलाने स्वतःसाठी कप घेतला नव्हता.

“तू नाही घेतलास?”

“आज उपास. काढ्यात हळद असते.”

“एरवी घेतेस?”

“अहो, तुमच्या शेजारी बसून घेते. दिसत नाही का?”

मग त्यांनी रिपोर्टचं सांगितलं. मृदुलाने गॅस बंद केला.

“म्हणजे मी विष घालते तुम्हाला?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तुमच्या त्या झोईच्या हाताखाली दासी होत्या. इथे काढाही मीच उकळायचा आणि पातेलंही मीच घासायचं.” ती थांबली. “माझंही रक्त तपासा. होऊन जाऊ दे.”

सुशांतने तिला गाडीतून लॅबवर नेलं. दोघं परतल्यावर शशिकांतांनी डबा मागितला.

“काका, तो संपला होता. सकाळीच धुऊन रिसायकलिंगच्या पिवळ्या बिनमध्ये टाकला. आज कचऱ्याची गाडी येते ना.”

“आमचं बोलणं झालं त्याआधी, की नंतर?”

“कुठलं बोलणं?” सुशांतने विचारलं आणि मृदुलाकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात मृदुलाचा रिपोर्ट आला. तिच्या रक्तात शिशाचं प्रमाण मर्यादेतच होतं.

“मला कडू सोसत नाही,” ती म्हणाली. “घोटभर घ्यायचे आणि उरलेला तुमच्या कपात ओतायचे. तुम्ही आजारी होतात.”

“माझ्यासमोर?”

“तुमचं डोकं कॉम्प्युटरमध्ये असायचं.”

शशिकांतांनी आठवून पाहिलं. काढा पिताना समोर स्क्रीन असायची, एवढंच त्यांना आठवलं.

शशिकांतांनी लॅबला दिलेल्या बाटलीतल्या काढ्यात शिसं सापडलं. पण तो कपातला काढा होता. शिसं पावडरीतलंच असेल, तर ते पातेल्यातल्या काढ्यातही असणार. नंतर कुणी मिसळलं असेल, तर फक्त कपात. आयुष्यभर दुसऱ्यांची औषधं दोनदा तपासून देणाऱ्या माणसाने पातेल्यातला नमुना घेतला नव्हता. पातेलं तेव्हाच घासून झालं होतं.

पावडर पडताळून पाहता यावी म्हणून सुशांतने पुण्याच्या त्याच दुकानातून तसाच डबा मागवला. पार्सल ऑकलंडला कस्टम्सच्या तपासणीत अडकलं. “काका, अशी हीप्स पार्सलं अडकतात, ढिगानं. येईल,” तो म्हणाला.

शशिकांत आता स्वतःचा चहा स्वतः करतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा ट्रॅकिंग पाहिलं, मग अंघोळीला जाऊन आतून कडी लावली.

“दम लागला तर हाक मारा,” मृदुला दाराबाहेरून म्हणाली.

आतून फक्त पाण्याचा आवाज येत होता. पार्सल ऑकलंडमध्येच होतं.