पायाळूची पाठ

सकाळचं ऊन अजून शेवग्याच्या शेंड्यावरच होतं, आणि साळुबाईच्या ओट्यावर बाळासाहेब पालथा पडला होता. गावचा माजी सरपंच. एरवी भल्याभल्यांना आडवं करणारा माणूस, पण काल खताची गोण उचलताना कमरेत उसण भरली आणि आज तोंडात उपरण्याचा बोळा धरून गपगार निजला होता. बोलायचं नाही, हा नियमच. पाय लावणाऱ्यानंही नाही आणि लावून घेणाऱ्यानंही नाही. दोघांच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा नको. पूर्वी लोक दिवस उगवायच्या आत येत. आता उसातला बिबट्या रस्त्यावर येऊन बसायला लागल्यापासून नियमालाच थोडी सवलत मिळाली आहे. उजाडल्यावर आलं तरी चालतं.

साळुबाई पायाळू. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढं करून जगात आली. अशा माणसानं पाठीवर पाय मारला की उसण पळते, असं सगळं निमगाव सावा मानतं. लहानपणी तिला वळवाच्या पावसात ओट्याखाली उतरू देत नसत, कारण पायाळूला वीज ओढते म्हणे. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं असंही कुणीकुणी सांगत. साळुबाईला उभ्या जन्मात जमिनीत ढेकळं आणि हरळी तेवढी दिसली.

तिनं ओट्याची लाकडी मेढ घट्ट धरली, श्वास कोंडला आणि उजवा पाय उचलला. खरी गंमत इथं होती, आणि ती पाठीवर पाय घेणाऱ्या एकालाही कधी दिसली नाही. पालथ्या माणसाला फक्त फरशी दिसते. पाय वर गेला की साळुबाईच्या कमरेतून एक कळ सुटायची ती डाव्या मांडीतून थेट घोट्यापर्यंत. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. ती पाय नुसता टेकवायची, दाबायची अजिबात नाही. तीनदा टेकवायचा आणि बाजूला व्हायचं.

बाळासाहेब उठला, कंबर इकडंतिकडं फिरवून बघितली, खूश झाला. आभार मानायचे नाहीत हाही नियमच, म्हणून मोटारसायकलवर टांग टाकून निघून गेला.

साळुबाई मेढीला धरूनच हळूहळू खाली बसली.

"आत्या, च्या टाकू?" आतून सून हर्षालीनं विचारलं.

"टाक. आन् ती इटकर तापव वाईच, पाठ शेकाया."

"पुन्हा?" हर्षाली दारात आली आणि हसली. पोर मनानं वाईट नव्हती, पण हसू यावं असंच ते होतं. "लोकांच्या पाठी बऱ्या करताय आन् तुमचीच दुखती व्हय? तुमी तर पायाळू!"

ज्याचं जळतं त्याला कळतं.

त्या दुखण्याला बरीच वर्षं झाली. मुलगा ऋषी तेव्हा शाळेत होता. नवऱ्यानं, भगवंतानं, बेल्ह्याच्या बाजारातून बैल आणला होता. टेम्पोतून उतरवताना फळी घसरली, बैल बिथरून उडाला. कासरा साळुबाईच्या मनगटाला गुंडाळलेला. ती ओढली गेली आणि दगडी पायरीवर कमरेवर आदळली. उठता येईना, बसता येईना. भगवंत घाबरला. आणि माणूस घाबरला की त्याला नको ते शहाणपण सुचतं.

"उसणच हाय ही," तो म्हणाला. "पर पायाळू सोताच्या पाठीवर पाय कसा मारंल? दुसरा पायाळू आनाया पायजे."

दुसरा पायाळू होता आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. भगवंताचा मावसभाऊ, गेणभाऊ. तालमीतला गडी, मांडी बघितली तर बाभळीचं खोड. बैल आणलेला तोच टेम्पो लोणीला धाडला. साळुबाईला ह्याच ओट्यावर पालथी घातली, भगवंतानं तिचे खांदे दाबून धरले आणि गेणभाऊनं मोठ्या मायेनं टाच मारली. साळुबाईची शुद्ध गेली. शुद्ध गेली म्हणून ओरडणं थांबलं, आणि ओरडणं थांबलं म्हणून सगळ्यांनी गुण आला असं ठरवून टाकलं. दोन-चार दिवसांनी ती भाकरी थापायला उठली, कारण घरात थापायला दुसरं कुणी नव्हतं. तेवढ्यानं गेणभाऊचं नाव दोन तालुक्यांत झालं.

पुढं बऱ्याच दिवसांनी नारायणगावच्या डॉक्टरनं पाठीचा फोटो काढला. मणका दबला होता. "पडल्यावर लगेच का नाही आणलं? वर कुणी दाबलं-बिबलं का?" त्यानं विचारलं. भगवंत खिडकीबाहेर बघत "नाय" म्हणाला. साळुबाईही गप्प राहिली. एवढ्या लांबून आलेल्या पाव्हण्याचं नाव कसं घ्यायचं? डॉक्टरनं सांगितलं, वाकू नका, जड उचलू नका. आता शेतात न वाकता नुसतं बुजगावणं उभं राहतं, हे त्याला कोण सांगणार.

तेव्हापासून साळुबाईनं दुखण्याशी संसार मांडला. झोपेतून उठायचं ते आधी कुशीवर वळून, मग कोपरावर भार देऊन. शिंक आली की दाराची चौकट धरायची. लग्नाकार्यात भिंतीजवळची जागा पकडायची. कांद्याच्या लागणीला बाया ओणव्या व्हायच्या, ही खताची रिकामी गोणी गुडघ्याखाली घेऊन रांगत लावायची. बाया म्हणायच्या, "साळुबाईला वाफ्यात रांगतं बाळ झाल्यासारखं वाटतंय!" तीही हसायची. भगवंताला कधी सांगितलं, तर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "गेणानं तवाच बरी केली व्हती. आता हे वयाचं हाय." हे ऐकलं की तिला पाठीपेक्षा दुसरीकडंच जास्त दुखायचं.

बाळासाहेब येऊन गेला त्याच दिवशी साळुबाईच्या रानात कांद्याची लागण होती. पौषातली थंडी, वाफ्यात पाणी सोडलेलं, बाया येऊन बांधावर बसलेल्या. हर्षाली ट्रॉलीवर उभी राहून रोपाच्या जुड्या खाली देत होती. उतरताना चिखलाचा पाय सटकला आणि ती पाइपलाइनच्या सिमेंटच्या खांबावर पाठीवर आपटली. तिची किंकाळी साळुबाईनं घरात ऐकली. ऐकताक्षणी तिला कळलं. ती किंकाळी तिच्या ओळखीची होती.

ऋषी आणि दोन बायांनी हर्षालीला उचलून ओट्यावर आणलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, पाय लाव पटकन," ऋषी म्हणाला. "नाय बरं वाटलं तर बघू दवाखान्याचं. बाया खोळंबल्यात रानात."

"घरात पायाळू असताना दवाखाना कशाला?" भगवंत म्हणाला. "पोटात च्या आसला तरी चालतोय. लाव गं, रुषीच्या आय."

हर्षालीनंही मान हलवली. "लावा आत्या. लई दुखतंय. लवकर लावा."

तिला पालथी घातली. ऋषी खाली बसला आणि बायकोचे खांदे दाबून धरले. बापानं धरले होते अगदी तसेच. साळुबाई मेढीपाशी उभी होती. तिला ते हात दिसले.

"सोड तिला," ती म्हणाली.

सगळे चपापले. पाय लावताना बोलायचं नसतं.

"ऐकू नाय आलं? सोड म्हणते ना! हात काढ!"

"अगं, काय झालं?" भगवंत पुढं आला. "पायाळूनं नाय म्हनू नये. गुण जातो पायाचा."

"जाऊ द्या गेला तर! मला कुटं आलाय गुण?"

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी? माझी पाठ निम्मी बैलानं मोडली आन् निम्मी गेणभावजीनं. तुमी खांदं धरलं व्हतं. इसरलात?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. भगवंताची नजर जी खाली गेली ती वर येईना. एवढ्या वर्षांत साळुबाई त्याच्याशी चार बायांदेखत असं बोलली नव्हती. पण आता थांबून चालणार नव्हतं.

"रुषी, ट्रॉलीची फळी आन. फळीवर गोधडी टाक. पोरीला उचलायची नाय, अल्लद सरकवायची. आन् जीप बोलव कुणाची तरी."

"आई, लागणीचं..."

"कांदं काय पळून चाललंत?"

नारायणगावच्या दवाखान्यात फोटो निघाला. मणक्याला बारीक चीर होती. डॉक्टर म्हणाला, पट्टा बांधा, झोपून राहा, भरून येईल. मग ऋषीकडं वळून म्हणाला, "चोळलं नाही, दाबलं नाही, हे फार चांगलं केलंत. नाहीतर पोरीचे पाय कायमचे गेले असते." ऋषीनं आपले दोन्ही हात खिशात घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाहीत.

डॉक्टर गेल्यावर हर्षालीनं सासूचा हात धरला. "आत्या, मी सकाळी हसले व्हते तुमाला."

"हसायचंच बाई. मी तुझ्या जागी असते तर मीबी हसले असते."

हर्षाली रडायला लागली. साळुबाईनं वाकून तिचे डोळे पुसले. वाकताना कळ आलीच, ती काही सुनेच्या रडण्याला भुलणारी नव्हती.

उन्हं तापायला लागली तोवर हर्षाली घरात हिंडूफिरू लागली. आता गावानं यातून काय धडा घ्यावा? गाव म्हणालं, साळुबाईनं पाय न लावता सून उठवली. नुसतं नाय म्हणाली आन् गुण आला! बाळासाहेबानं तर पारावर बसून सांगितलं की आता तिच्या पायाची गरजच उरली नाही, नजरेतच आलंय सगळं. ओट्यावर पूर्वीपेक्षा जास्त माणसं यायला लागली. साळुबाई एकेकाला सांगायची, "आधी दवाखान्यात जाऊन फोटो काढून या." लोक मुकाट्यानं जायचे, फोटो काढायचे आणि तिच्या पायाला लावायला घेऊन यायचे. तिनं कपाळाला हात लावला. तिच्या पाया पडायला गाव तयार होतं, पण तिचं म्हणणं ऐकायला नव्हतं.

भगवंत मात्र त्या दिवसापासून घुम्यासारखा झाला होता. तिनं बोललेल्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. राग आलाय की काय, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायचं बळही उरलं नव्हतं.

असं असताना कांदा काढणीच्या तोंडावर एके सकाळी गेणभाऊ आला. लोणीहून मिळेल त्या गाडीनं, कमरेत वाकून, हातात काठी. तालमीतला गडी आता सुटलेला, केस पिकलेले. आल्या आल्या ओट्यावर पालथा पडला.

"वैनी, आठ दिस झालं उसण भरलीय. सोताच्या पाठीवर मला काय पाय मारता येईना. आन् भीड धरू नका बरं का. नुसता पाय टेकवून उसण निघत नसती, चांगली टाच मारा. तुमाला नाय का मी मारली व्हती? चार दिसांत भाकऱ्या थापल्या तुमी! लोनीत मी आजून सांगतो समद्यांना."

बिचारा मनापासून बोलत होता. इतकी वर्षं त्यानं ते पुण्य गाठीला बांधून ठेवलं होतं. साळुबाई त्याच्या रुंद पाठीकडं बघत राहिली. खोटं कशाला सांगा, तिच्या मनात आलं. एकदाच. सगळा भार टाकून एकच टाच, मग ह्याला समजेल. तिनं मेढ धरली, पाय उचलला. कळ मांडीतून खाली गेली. पाय तसाच अधांतरी राहिला. मारावंसं वाटत होतं आणि मारवत नव्हतं, आणि खरं सांगावं तर म्हाताऱ्याचं तोंड उतरेल.

अंगणात भगवंत कांद्याच्या गोण्या झटकत होता. त्यानं हातातली गोणी खाली टाकली.

"गेणा, ऊठ."

"आं?"

"ऊठ म्हनतो. ती बरी झाली नाय."

"कोन?"

"तुजी वैनी. तवाबी बरी झाली नाय आन् आजबी नाय." भगवंत ओट्यापाशी आला. "तुजी टाच आन् माजं हात. आपुन दोघांनी मिळून मोडली तिला. ऊठ, दवाखान्यात जाऊ तुला घिऊन."

गेणभाऊनं फरशीवरची मान वळवून वर बघितलं. एवढ्या वर्षांत त्या ओट्यावरून वर बघणारा तो पहिलाच माणूस. मेढीला लटकल्यासारखी उभी असलेली साळुबाई त्याला दिसली. पाय हवेत, ओठ दातांखाली, कपाळावर घामाचे थेंब. "वैनी..." एवढंच म्हणाला आणि तोंड पुन्हा फरशीकडं वळवलं.

साळुबाईनं पाय खाली घेतला. पाठ होती तशीच होती, आणि तशीच राहणार होती. तरी मेढीला टेकून बसताना तिला हुंदका आला, आणि तो काही कळेचा नव्हता.

भगवंत तिच्या शेजारून आत गेला. चुलीत लाकूड सारल्याचा आणि निखाऱ्यावर विटकर ठेवल्याचा आवाज आला. उभ्या जन्मात त्यानं ते काम केलं नव्हतं. फडक्यात गुंडाळायची असते हे त्याला माहीत असेल का, अशी शंका तिला आली.

"अवो," तिनं डोळे पुसत बाहेरूनच सांगितलं, "नुसत्या हातानं उचलू नका. भाजंल."