रद्द करायचा राहिलेला रीस्टार्ट

हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरच्या वायरी ती सांभाळायची, म्हणून सगळे तिला वायरवाली म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. आज मात्र वायरवालीचं अर्धं लक्ष वरच्या वॉर्डात होतं. तिथे, काचेच्या पेटीत, तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ होतं. अपुऱ्या दिवसांचं, एवढंसं. ते मधूनच श्वास घ्यायचं विसरायचं. मग सिस्टरच्या टेबलावरचा स्क्रीन बोंब मारायचा, त्या धावत जाऊन तळपाय चोळायच्या, की स्वारी परत श्वास घ्यायला लागायची. बाळं दचकू नयेत म्हणून पेट्यांजवळची मशीनं मुकी ठेवलेली. सगळी भिस्त त्या स्क्रीनवर.

आणि सकाळपासून तोच स्क्रीन गचके खात होता. वायरीतून आकडे यायचे, गोठायचे, गायब व्हायचे.

तिनं तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून स्विच तपासायला घेतला. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे हो. सगळ्या मजल्यांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. कुठल्या वायरीतून किती माहिती वाहतेय ते तो दाखवतो, आणि नको ती वायर बसल्या जागेवरून बंदही करता येते. पण चुकून स्वतःचीच वायर बंद केली तर बसा बोंबलत! म्हणून तिची सवय अशी, की हात लावण्याआधी स्विचला सांगून ठेवायचं : थोड्या वेळानं आपोआप रीस्टार्ट हो आणि होतास तसा हो. काम फत्ते झालं की तो हुकूम रद्द करायचा.

चोर लवकरच सापडला. मीटिंगच्या खोलीकडची वायर नुसती उतू जात होती. कुणा शहाण्यानं एकाच वायरीची दोन्ही टोकं भिंतीतल्या सॉकेटांत खुपसली असणार. तीच ती माहिती गोल गोल फिरून सगळ्यांचा गळा आवळत होती. तिनं ती वायर बंद केली. लगेच फोन वाजला.

"ताई, आकडे आले गं! ये ना वर," धाकटी हसता हसता रडत होती.

ताई उठली ती तडक वॉर्डात. काचेतून बाळाकडे बघता बघता तिला आठवलं. हुकूम रद्द करायचा राहिला होता!

आता कुठल्याही क्षणी स्विच बंद पडणार, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत हा स्क्रीन आंधळा. ती जिन्याकडे पळाली. वेळेत खाली पोचलं तर कुणाला कळणारही नव्हतं, धाकटीलासुद्धा. आणि नाही पोचलं तर? ती उलटी फिरली.

"सिस्टर, स्क्रीन सोडा, बाळांकडे बघा! माझ्या चुकीनं आत्ता सगळं बंद पडणार आहे!"

मोठ्या सिस्टर ताडकन उठल्या. हाताखालच्या दोघींना पेट्यांकडे पिटाळलं, स्वतः धाकटीच्या बाळापाशी उभ्या राहिल्या. स्क्रीन काळा झाला.

"ह्याचा श्वास थांबलाय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी तळपाय चोळला. काही नाही. पुन्हा चोळला, जोरात. ओठ निळे पडत चालले होते. धाकटीनं ताईचं मनगट असं आवळलं, की नखं रुतली. देवा, माझं काय वाटेल ते कर, पण हे नको, एवढंच ताईच्या मनात. मग बाळानं आचका दिला, आणि बारीकसं रडू फुटलं.

"तू खाली गेली असतीस तर?" धाकटीनं विचारलं.

"निघालेच होते गं. दोन पायऱ्या उतरले होते."

धाकटीनं तिचं मनगट सोडलं. स्क्रीनवर आकडे परतले आणि पुन्हा गचके खायला लागले, कारण स्विच जुन्यासारखा झाल्यावर ती मीटिंगची वायरही परत चालू झाली होती.

"जा, नीट करून ये," धाकटी बाळावरची नजर न काढता म्हणाली. "पण आता मी इथून हलणार नाही, ताई. सगळं ठीक झालं असं तू सांगितलंस तरी."