महेंद्र देवराम, मृत्यूची नोंद

पप्पांच्या साठीला वंशावळीचा मोठा तक्ता करून हॉलमध्ये लावायचा, ही कल्पना माझी. अनुभव शून्य, हौस दांडगी. घोडबंदर रोडवरच्या माझ्या शेजारणीने तिच्या घराण्याच्या सात पिढ्या शोधल्या, मग मी काय कमी आहे, एवढंच कारण.

सुरुवात पप्पांच्या जन्मनोंदीपासून केली. नोंदणी कार्यालयात अर्ज भरला: महेंद्र देवराम शेजवळ, शहाड, सन १९६६ ते १९६८. आठवड्याने उतारा घ्यायला गेले तेव्हा कळलं, घाईघाईत मी ‘जन्म’ऐवजी ‘मृत्यू’वर खूण केली होती. कपाळाला हात लावला. खिडकीतल्या बाईंनी मात्र कागद पुढे सरकवला.

“मिळाली की मॅडम तुमची नोंद.”

महेंद्र देवराम शेजवळ. आईचं नाव रंभा, म्हणजे माझी आजीच. वय दीड वर्ष. कारण ताप. सप्टेंबर १९६७.

दहा मिनिटांपूर्वी तर मी पप्पांशी फोनवर बोलले होते.

रिक्षा करून थेट शहाडचं घर गाठलं. आधी आजीला एकटीला गाठून विचारायला हवं होतं. मी तो कागद सरळ पप्पांच्या हातात दिला. माझी अक्कल तेवढीच.

पप्पांनी तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. “आई, काय आहे हे?”

आजी जमिनीवर बसून मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

“तुझ्या आधीचा,” ती म्हणाली. “तू पोटात होतास तवा गेला.”

“आणि त्याचंच नाव मला?”

“तुझ्या बापानं लई हौसेनं ठेवलेलं. टाकवेना.”

“मग माझा जन्माचा दाखला?”

“तुझा काढलाच नाय. शाळेत मास्तरांनी दाखला मागितला, माझ्याकडं एकच होता. तोच दिला.”

पप्पांनी बोटांवर वर्षं मोजली. महापालिकेच्या पाणीखात्यातून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून. तेव्हाचं खरं वय छप्पन्न. त्यानंतर कितीतरी दिवस ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नुसतेच बसून राहायचे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

“दोन वर्षं, आई! दोन वर्षं मी घरात भिंती बघत काढली!” त्यांना आजीवर ओरडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. “साठी-बिठी कॅन्सल. रचना, हॉलवाल्याला फोन लाव.”

“नको,” आजी म्हणाली. “साठ त्याला होतायत. त्याचं एवढं तरी होऊ दे.”

मला आजीची कीव आली आणि भयंकर रागही आला. दर मार्चमध्ये पप्पांना ओवाळताना ही बाई नक्की कुणाला ओवाळत होती?

पप्पा तिच्याशेजारी खाली बसले. आवाज अगदी बारीक झाला होता.

“मग माझा वाढदिवस कधी असतो गं, आई?”

आजीने बराच वेळ आठवून पाहिलं.

“थंडी होती,” ती म्हणाली. “तारीख नाय रे माहीत. तुझ्या येळेला मी त्याच्यासाठीच रडत होते.”