खुर्चीतले काका

बाबांचे पाय गेले ते लेकीच्या मायेने. पायांना तसं काहीच झालं नव्हतं. विसरायचा आजार डोक्यातला. पण वृद्धाश्रमात बाबा एकदा घसरले काय, लेकीने तिथल्या माणसांना सळो की पळो करून सोडलं. "त्यांना अजिबात उभं करायचं नाही!" वर स्वतः हौसेने चाकांची खुर्ची आणली, गुबगुबीत उशीसकट. बाबा जे बसले ते बसलेच.

आता त्यांना वरच्या मजल्यावर हलवायचं घाटत होतं. वर म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांचा मजला. तिथून जेवायला खाली कुणी येत नाही. ऐकून लेक धावत आली.

"पायांत अजून जीव आहे, ताई," व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण 'उठा' म्हटलं की आजोबा मान खाली घालून गप्प बसतात. काय करावं कळत नाही."

लेकीला ते बसणं ओळखीचं वाटलं. बाबांनी उभी हयात लोकांचे केस कापले. त्यांच्या दुकानात खुर्चीतल्या माणसाने असंच बसायचं, हूं की चूं न करता. म्हणजे बाबा इतके दिवस गिऱ्हाईक होऊन बसले होते!

तिने बाबांच्या खुर्चीच्या चाकांना ब्रेक लावला. एक जड लाकडी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, खांद्यावर टॉवेल घेतला, त्यांच्या हातात कंगवा दिला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.

"जरा बघता का? केस फार वाढलेत."

बराच वेळ काहीच घडलं नाही. मग धाप ऐकू आली, तिच्या खुर्चीला मागून हिसका बसला. बाबा उठत होते.  त्यांना धरायला ती वळणार, तेवढ्यात डोक्यावर हात आला.

"मान हलवायची नाही."

बाई शेजारीच हात पुढे करून उभ्या होत्या, पण त्यांनी बाबांना धरलं नाही. "वरच्या मजल्याचं तूर्त राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे आता रोज करायचं. महिने लागतील. आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही, ताई."

कंगवा थांबला. बाबांनी मागच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"इथले काका उठून गेले वाटतं? कधीचे बसले होते बिचारे."

"मीच बसवून ठेवलं होतं त्यांना," लेक मान न हलवता म्हणाली. डोळ्यांतलं पाणी टॉवेलवर पडत होतं.

"असं ताटकळत ठेवू नये कुणाला," बाबा म्हणाले आणि तिचा भांग पाडायला लागले.