दोन मिनिटं इंजिन चालू

एकोणीसशे एक्याण्णव साल, फेब्रुवारी महिना, बुधवारची संध्याकाळ. गाडी घरासमोर येऊन थांबली, पण भावाने इंजिन बंद केलं नाही. तो कधीच लगेच बंद करत नसे. शेजारच्या सीटवर बसलेल्या ताईने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. एकशेवीसपर्यंत पोचायच्या आत तिला एक वाक्य बोलून टाकायचं होतं.

ती बारापर्यंत आली, तोवर समोरचे शिंपी रस्ता ओलांडून आले आणि खिडकीत कोपर टेकवून उभे राहिले.

"काय रे खटपट्या, आज पुन्हा काहीतरी बदललंस वाटतं? गल्लीच्या तोंडाशी तू आलास नि इकडे माझ्या मशीनची सुई थरथरली."

"पाइप बदललाय, काका. मागचा. जरा रुंद टाकला."

"रुंद कशाला? धूर काय लठ्ठ झालाय?"

मग पाइपवरून गाडीवर आणि गाडीवरून शिंप्यांच्या गुडघ्यावर असं बोलणं वाहत गेलं. ताई पुढच्या काचेतून समोर बघत राहिली. एकशेवीस झाले. भावाने किल्ली फिरवली, इंजिन थांबलं, शिंपी परत गेले.

"किती वेळ बसवून ठेवतोस रे या डब्यात!" दार उघडता उघडता ती म्हणाली. "अंग आंबून गेलं माझं."

तिचा राग शिंप्यांवर होता. पण तो गाडीवर निघाला, आणि भावाने तो ऐकला.

ताई त्या वेळी त्रेचाळीस वर्षांची होती. सरकारी इस्पितळाच्या एक्स-रे खात्यात तिची वीस वर्षं झाली होती. फिल्म धुण्याचं काम तिच्याकडे. लाल दिव्याच्या बंद खोलीत ट्रेमध्ये फिल्म बुडवायची आणि आकडे मोजायचे. घड्याळाची तिला गरज उरली नव्हती. दोन मिनिटं म्हणजे किती, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

भाऊ आठ वर्षांनी धाकटा. वडील आधीच गेले होते, आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. ताईने त्याला वाढवलं, म्हणजे जेवू घातलं, शाळेत घातलं, धपाटे घातले. पुढे तो पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर मेकॅनिक झाला. हाताने काहीतरी उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून गल्लीने त्याचं नाव खटपट्या ठेवलं होतं. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. तिचं त्याच्यामुळे राहिलं, त्याचं तिच्यामुळे, असं लोक म्हणत. दोघं काहीच म्हणत नसत.

गाडी आली ती तीन वर्षांपूर्वी. दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, टर्बोवाली. अपघातात तिचं नाक चेपलेलं होतं आणि विमावाल्यांनी तिच्यावर काट मारली होती. भावाने ती दोरखंडाने ओढत आणली आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. वर्षभर ती चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. सुटीच्या दिवशी ताई दिवा धरायची, तो खाली पडून असायचा. तेराचा पाना, सतराचा पाना, वायरींचे रंग, हे सगळं तिला येऊ लागलं ते असं.

एकदा टर्बोच्या अॅल्युमिनियमच्या पंख्याला बारीक तडा असल्याचा त्याला संशय आला. "ताई, फोटो काढून दे ना याचा," तो म्हणाला. तिने इस्पितळ रिकामं झाल्यावर पंखा टेबलावर ठेवून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी ती फिल्म चुकून हाडांच्या डॉक्टरांपुढे गेली. त्यांनी ती उजेडासमोर धरली, उलटी केली, चष्मा वर केला.

"बाई, हा कुठला सांधा?"

"माझ्या भावाचा," ती म्हणाली.

पंख्याला तडा नव्हता. तो परत बसला.

गाडी सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी सहाला भाऊ तिला आणायला इस्पितळाच्या फाटकाशी यायचा. सरळ घरी आले तर दहा मिनिटांचा रस्ता. पण तो शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागायचा. "इंजिन मोकळं व्हायला हवं," म्हणायचा. पुढे रस्ता रिकामा दिसला की पाय दाबायचा. क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग बारीक शीळ ऐकू यायची आणि पाठीमागून कोणीतरी ढकलावं तशी गाडी सुटायची. ताई दोन्ही हातांनी पर्स धरून बसायची. "हळू रे मेल्या," म्हणायची. दिवसभर लाल दिव्यात बसलेल्या बाईला तो वारा किती आवडायचा, हे तिने कधी सांगितलं नाही.

आणि मग घरासमोरची ती दोन मिनिटं. पहिल्यांदा तिने विचारलं होतं, "बंद का करत नाहीस?"

"टर्बोतला धुराकडचा पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, ताई. लालभडक तापतो. तेल फिरतंय म्हणून तगतो. आता एकदम बंद केलं तर तेल थांबेल आणि जागच्या जागी जळेल. धावून आलेल्याला कोणी लगेच झोपवतं का? दोन मिनिटं हळूहळू चालू द्यायचं."

घरात त्यांचं बोलणं मीठ, गॅस, नळाचं पाणी एवढ्यावर भागत असे. का कोण जाणे, भिंतींच्या आत दोघांची जीभ उचलत नसे. पण त्या दोन मिनिटांत दोघंही समोर बघत असायचे, कोणाला कोणाचं तोंड दिसत नसायचं, इंजिनाची घरघर असायची. मोठ्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता आणि तिच्याशी खोटं बोलला होता, हे त्याने तिथे सांगितलं. एका मुलीला तो आवडला होता पण तिच्या वडिलांना तो आवडला नाही, हेही तिथेच. छातीत गाठ लागली होती, तपासली, काही निघालं नाही, हे ताईने त्याला महिनाभराने तिथेच सांगितलं. "आत्ता सांगतेस?" एवढंच तो म्हणाला, आणि किल्ली फिरवायला विसरला.

आता तिला जे सांगायचं होतं ते चष्मेवाल्यांचं होतं. बाजारात त्यांचं दुकान. पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली. मनगट मोडलं म्हणून ते इस्पितळात आले, मनगट जुळलं तरी येत राहिले. सोमवारी त्यांनी सांगितलं, की ते दुकान समुद्राकाठच्या गावी हलवत आहेत.

"घर बघितलंय. मालक शनिवारपर्यंत थांबतोय," ते म्हणाले. मग चष्मा काढून रुमालाने पुसत बसले. "एकट्यापुरती एक खोली घ्यायची की दोन, तेवढं मला सांगाल का?"

ताईला उत्तर माहीत होतं. भावाला सांगितल्याशिवाय ते देणं तिला जमत नव्हतं. मंगळवारी त्याची संध्याकाळची पाळी होती, बुधवारी शिंपी आले.

गुरुवारी भावाने रजा काढली. शुक्रवारी पुन्हा काढली. ताईला सकाळी जाताना स्टिअरिंगखालून त्याचे पाय तेवढे बाहेर दिसले.

"दिवा धरू का?"

"नको. तू जा. गंमत आहे."

शुक्रवारी सहाला तो फाटकाशी हजर होता, हनुवटीला काळा डाग. मोठ्या रस्त्याने फिरून घरी आले. ताईने सुरुवातीचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. गाडी थांबली. भावाने किल्ली फिरवली, काढली आणि तिच्या डोळ्यांसमोर नाचवली. इंजिन चालूच होतं.

"बघ! टायमर बसवला. किल्ली काढून सरळ घरात जायचं. दोन मिनिटांनी आपोआप बंद. आता तुला नाही आंबून बसायला लागणार."

पुढे काडेपेटीएवढा डबा होता. त्यात लाल आकडे उतरत होते. एकशे अठरा. एकशे सतरा.

"चल ना, उतर."

"छान आहे," ताई म्हणाली. "तू हो पुढे. येते मी."

तो दार लावून, शीळ घालत घरात गेला. ती बसून राहिली. शेजारची सीट रिकामी, चाक स्थिर, इंजिन चालू. तिला मोजायची गरज नव्हती, डबाच मोजत होता. शून्य आलं तसा टक् असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. मग ती घरात गेली. "मीठ संपलंय," तो म्हणाला. "आणते उद्या," ती म्हणाली.

शनिवारी तिला सुटी होती आणि भाऊ पंपहाउसवर. दहाच्या सुमाराला ती शेडमध्ये आली. ड्रायव्हरच्या बाजूला जमिनीवर गोणपाट अंथरलं, उताणी होऊन डोकं स्टिअरिंगखाली घातलं आणि दातात टॉर्च धरला. त्याचं काम नीटनेटकं होतं, हे तिला आधीपासून माहीत होतं. मूळच्या वायरींच्या जोडाच्या मध्ये त्याने टायमरचा जोड घेतला होता. तिने दोन्हीकडचे खटके दाबून तो सोडवला आणि मूळची टोकं पूर्वीसारखी एकमेकांत बसवली. खट् आवाज येईपर्यंत दाबली. तो नेहमी तसं सांगायचा. मग उठून साडी झटकली आणि मीठ आणायला गेली.

पाच वाजता भाऊ घरी आला तेव्हा ती म्हणाली, "जरा फिरून येऊ या का?"

त्याने वर बघितलं. तिने असं कधी विचारलं नव्हतं. "चल की."

साडेपाचच्या पुढे ते परत आले. त्याने दारात गाडी थांबवली आणि ऐटीत किल्ली फिरवली. इंजिन झटक्यात बंद पडलं.

"अरे!" त्याने तेवढ्याच घाईने पुन्हा सुरू केलं. काट्यावर नजर टाकली, कान लावला. "मेला बिघडला. कालच बसवला नि आज... कुठेतरी सैल राहिलं माझं."

"सैल नाही राहिलं. मी काढला."

"तू?"

"सकाळी. जोड होता तिथून. मूळची टोकं लावलीत परत. नीट बसलीत."

"का पण? तुझ्यासाठीच तर..."

"माहितेय मला." ती समोर बघत होती. शिंप्यांच्या खिडकीत मशीन चालू होतं. "मला बोलायचंय तुझ्याशी, आणि घरात आपल्याला येत नाही."

त्याचा हात किल्लीवरून खाली आला.

तिने सांगितलं. मनगट, दुकान, समुद्राकाठचं गाव, सोमवार. एकही आकडा न मोजता सांगितलं. "एक खोली की दोन, ते आज सांगायचंय," इथे येऊन ती थांबली.

इंजिन चालू होतं. भावाने तेलाच्या काट्यावर बोट टेकवलं, काचेवर नसलेली धूळ पुसली.

"ते गप्प बसतात की बोलतात?" त्याने विचारलं.

"बोलतात. फार बोलतात."

"मग बरंय." थोड्या वेळाने म्हणाला, "तिथली हवा खारी. लोखंड लगेच गंजतं. खिडक्यांना आधी रंग मारून घ्या म्हणावं."

"सांगते."

"तुला काय वाटलं, मी नको म्हणेन?"

"नाही."

"मग इतके दिवस का बोलली नाहीस?"

"तू नको म्हणणार नाहीस, म्हणूनच," ताई म्हणाली.

दोन मिनिटं होऊन गेली असावीत. ताईने दाराच्या कडीला हात घातला.

"कुठे निघालीस?"

"दुकानात. सातला बंद करतात."

"मग उतरतेस कशाला?" त्याने गिअर टाकला. "बस."

पुढच्या तीन आठवड्यांत त्याने गाडीची तीन वर्षांची खटपट उलटी केली. घट्ट स्प्रिंगा काढून मऊ घातल्या. मागची सीट त्याने वजन कमी करायला काढून टाकली होती, ती ट्रंक आणि गादीचा भार पेलायला परत बसवली. टर्बोचा जोर उतरवला. रुंद पाइप काढून जुना लावला.

"काय रे, गाडीला म्हातारपण आलं?" शिंप्यांनी विचारलं.

"गाडीला नाही, पाहुणीला," तो म्हणाला. ताईने आतून त्याला ऐकू जाईल अशी शिवी दिली.

कचेरीत लग्नाच्या सह्या झाल्या तेव्हा साक्षीदार म्हणून एक सही भावाची होती, एक शिंप्यांची. त्याच दिवशी भावाने दोघांना समुद्राकाठी पोचवलं. एरवी तीन तासांत तो गेला असता, त्या दिवशी सहा तास लागले. एकही कपबशी फुटली नाही.

चष्मेवाले माणूस चांगले निघाले. ते सकाळी उठल्यापासून बोलत, आंघोळ करतानाही दाराआडून बोलत. ताईला सवय व्हायला वर्ष लागलं. मग तीही या खोलीतून त्या खोलीत ओरडून बोलू लागली. अकरा वर्षांनी ते गेले, दुकानाच्या खुर्चीतच.

शिंप्यांची नजर त्याआधीच अधू झाली. त्यांचे शेवटचे तीनही चष्मे समुद्राकाठून पार्सलने आले होते. पुढे शिंपी मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले.

भाऊ पंपहाउसचा फोरमन झाला. लग्न त्याने केलं नाही. पन्नाशीच्या आत साखरेने डाव्या पायाची दोन बोटं नेली, क्लच दाबवेना, तेव्हा त्याने गाडी एका प्राध्यापकाला विकली. प्राध्यापकाने ती पुढे कोणाला दिली, हे कळलं नाही.

चष्मेवाले गेल्यावर ताई जुन्या घरी परतली तेव्हा शेडमध्ये रिकामे ठोकळे होते. ती स्वयंपाकघरातून मोठ्याने काहीबाही विचारायची, तो पुढच्या खोलीतून "हं" म्हणायचा. अकरा वर्षं ते तसे राहिले. त्या काळात दोघांत फारसं काही बोलणं झालं असेल असं नाही. सकाळचा चहा तो करायचा. कप तिच्यापुढे ठेवताना, मेकॅनिक पाना देतो तसा, कपाचा कान तिच्या उजव्या हाताकडे वळवून ठेवायचा.

तो गेल्यावर चहा ती स्वतःच करू लागली. टेबलावर बसली की बरेचदा कपाचा कान पलीकडे गेलेला असे. ती कप फिरवून घेई आणि मग पिई.