गाळल्यावर गेलेला गुण

औषधाच्या परवानगीच्या कागदावर सही करणारे साहेब, ती बाटली तुम्ही एकदा तरी उजेडात धरून पाहिलीत का? नसणारच. मग सभागृहात काय झालं ते ऐका.

भिंतीएवढ्या पडद्यावर कर्करोगाच्या पेशी वळवळत होत्या. दोन दिवसांचं चित्रण मिनिटभरात पळवलेलं. हिरवट औषधाचा थेंब पडला आणि पेशी आक्रसल्या, फुटल्या, संपल्या. रुग्णांच्या नातेवाइकांनी पडद्यालाच हात जोडले.

"हा हिरवा रंग पालवीचा!" प्रयोगशाळेचे प्रमुख गरजले. "आणि ध्यानात ठेवा, फार गाळलं की औषधाचा गुण जातो."

शेवटच्या रांगेतल्या गाळणबाईनं मान वर केली. औषध शुद्ध करायचं काम तिचं, म्हणून प्रयोगशाळेनं ठेवलेलं हे नाव. पहिल्या रांगेत तिचे बाबा बसले होते. या औषधाची सोमवारची पहिली सुई त्यांना. घेऊ नका म्हणून घरी ती सांगून थकली, बाबांचं एकच, "तुझं प्रमुखांशी वाकडं आहे, त्यात माझा जीव का घालवतेस?"

महिन्यापूर्वी तिनं ते औषध धातू शोषणाऱ्या भुकटीतून पुन्हा गाळलं होतं. हिरवी झाक गेली, पांढरीशुभ्र पूड उरली. ती घातली तर पेशी मजेत वाढत राहिल्या. "अतिशहाणे, गुण घालवलास!" प्रमुख तेव्हा खेकसले होते.

ती उठली. "सर, गाळल्यावर औषधातून नेमकं गेलं काय?"

"खाली बस!"

ती बसली नाही. सरळ मंचावर गेली, तिथल्या हिरवट औषधाच्या बाटलीत पिशवीतल्या अमोनियाचे चार थेंब टाकले. पाणी गडद निळं झालं.

"निळं झालं म्हणजे हे तांबं, पालवी नव्हे. औषधाचे रेणू जोडायला आम्ही वापरतो. काम झालं की काढून टाकायचं असतं. यांनी ठेवलं. मी औषध न घालता नुसतं तेवढंच तांबं घालून पाहिलं, तरी पेशी मेल्या. फिनेल घाला, तरी मरतील!"

कुणीतरी हसलं.

"आणि चांगल्या पेशी?" बाबांनी विचारलं.

"त्याही मेल्या, बाबा."

"म्हणजे आत गेल्यावर कुणाला मारायचं, हे त्याला कळतच नाही?"

"नाही."

बाबांनी संमतीचा कागद काढला आणि स्वतःच्या नावावर काट मारली. प्रमुखांनी माइक बंद करायला लावला. दारं मात्र उघडलीच नाहीत. दारावरची त्यांची माणसं बाहेर पडणाऱ्यांना आधी संमतीच्या कागदावर सह्या करा म्हणत होती.

लोकहो, प्रयोगशाळेच्या ताटलीत पेशी मेली म्हणून भुलू नका. विचारा, शेजारच्या ताटलीत औषधाशिवाय नुसतं काय घातलं होतं? निरोगी पेशींचं काय झालं? उत्तर देता येत नसेल, तर ते औषध नव्हे.

आणि साहेब, तिनं पाठवलेले आकडे महिनाभर तुमच्या टेबलावर पडून आहेत. बाबांचं नाव खोडलंय, सुईच्या यादीत अजून अकरा जण आहेत. सोमवार उद्या आहे. सुई थांबवताय की नाही, बोला.